बाबा, यंदा सुई घेऊन शेगावले जाऊ नका

लेस्टर, इंग्लंड
५ जानेवारी

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,

बेबीचा शिरसाष्टांग नमस्कार. दादाला, वहिनींना नमस्कार. छकुलीला आणि लहान्याला गोड पापा.

रोज फोन होतो तरी पत्र कशाला, असं वाटलं असेल. बाबा, तुम्ही फोनवर दोनच वाक्यं बोलता. "मी बरा हाव. घे, तुया मायसंग बोल." मोबाईल आईकडे जातो, तिच्याकडून छकुलीकडे, आणि तुमच्याशी बोलायचं ते माझ्या पोटात राहतं. पत्र असं दुसऱ्याच्या हातात देऊन मोकळं होता येत नाही. छकुली, ओसरीवर बसून हे मोठ्यानं वाच. आजोबा मधेच ढोरांना पाणी दाखवायला उठले तर त्यांना खाली बसव. म्हणावं, आत्यानं शपथ घातली आहे.

मागच्या रविवारी छकुली मोबाईल घेऊन घरभर फिरत होती. चुलीवर गंजात तुरीच्या शेंगा उकडत होत्या, वाफ कॅमेऱ्यावर येत होती. मी म्हटलं, जरा थांब, पाहू दे मला. तेवढ्यात मागे बाजेवर बसलेले बाबा दिसले. पाय खाली सोडलेले, चपला नुकत्याच काढलेल्या, आणि दोन्ही पायांवर चपलेच्या पट्ट्याचे खोल वळ. तुम्ही सगळे रोज पाहता म्हणून तुमच्या लक्षात येत नसेल. मी अकरा वर्षं किडनीच्या पेशंटांमध्ये काम करते. त्या वळावर माझी नजर गेली ती हललीच नाही, पुढे लहान्या काय सांगत होता तेही मला आठवत नाही.

बाबा, आता इथंच एक करा. घोट्याच्या चार बोटं वर, नडगीच्या हाडावर अंगठा दाबून धरा, मनात दहा आकडे मोजा आणि अंगठा उचला. खड्डा लगेच भरून आला तर बरं. भिजवलेल्या कणकेत बोट रुतावं तसा तो राहिला, तर अंगात पाणी साठतं आहे. ते हृदयामुळे असू शकतं, किडनीमुळे असू शकतं, बीपीच्या काही गोळ्यांनीही पाय सुजतात. घाबरायचं नाही. पण कशामुळे ते रक्त-लघवी तपासल्याशिवाय देवालाही सांगता येणार नाही.

रात्री मी आईला वेगळा फोन केला. आधी ती काही बोलेना. मग म्हणाली, "गुडघ्याची सुई घेऊन राह्यले आठ दिवसाले एक. वरून गोळ्या हायेतच. शेगावले पायी जाचं हाये ना त्याइले." आई, तुझं नाव मी सांगून टाकलं, रागावू नकोस. तू सांगितलंस म्हणूनच मी हे लिहू शकते.

गजानन महाराजांच्या प्रगटदिनाची तुमची पायी वारी मी चौथीत होते तेव्हापासून पाहते आहे. एका वर्षी हट्ट करून मीही आले होते. पूर्णेच्या पुलाजवळ माझे पाय गेले, तेव्हा तुम्ही मला खांद्यावर घेतलं आणि तशीच 'गण गण गणात बोते' म्हणत वाट काटली. थंडीत तुमच्या कानाला बांधलेल्या दुपट्ट्याला धरून मी बसले होते. त्या माणसाला 'तुम्ही चालू नका' असं लिहायला माझा हात कसा होत असेल, तुम्हीच सांगा. वारी सोडा असं मी म्हणतच नाही. सुई घेऊन चालू नका, एवढंच म्हणते.

का, ते नीट सांगते. तुम्हाला कारण पटल्याशिवाय तुम्ही ऐकत नाही, आणि ते मला आवडतं.

गावाबाहेर नाल्यापलीकडे मेलेलं ढोर टाकायचे ती जागा तुम्हाला आठवते. तुम्हीच सांगायचे, बैल टाकून माणूस घरी येऊन हातपाय धुवायच्या आत गिधाडं उतरायची आणि तासा-दोन तासांत हाडं उघडी व्हायची. छकुलीनं एक तरी गिधाड पाहिलं आहे का? नाही. कुठं गेली ती? विष घालून मारली नाहीत, बंदुकीनंही मारली नाहीत. ढोरांच्या दुखण्यावर डायक्लोफेनॅक नावाचं औषध यायचं. ते टोचलेलं ढोर मेलं की औषध मासात राहायचं, ते खाऊन गिधाडाची किडनी बंद पडायची. देशभरात शंभरातलं एकही उरलं नाही म्हणावं इतकी ती संपली. शेवटी २००६ मध्ये सरकारनं ढोरांसाठी ते औषध बंद केलं. बाबा, चौकातला डॉक्टर तुमच्या कमरेत आठ दिवसाला जे टोचतो ना, त्याचं नाव मी आईकडून मागवलं. तिनं रिकाम्या कुपीचा फोटो पाठवला. तेच आहे.

माणूस म्हणजे गिधाड नाही. माणसाला एका सुईनं काही होत नाही, तरुण माणसाला चार दिवसांच्या गोळ्यांनीही बहुधा काही होत नाही, डॉक्टर देतात ते विचार करूनच. पण तुमचं वय ७१, बीपी दहा वर्षांचं, उन्हातान्हात पाणी कमी पिणं. अशा माणसात ही औषधं किडनीकडे जाणारा रक्ताचा पुरवठा आवळतात. पाटाचं दार कुणी अर्धं पाडलं तर शेवटच्या वाफ्याचं जे होतं ते. आणि हे औषध किडनीवरच थांबत नाही. इंग्लंडमध्ये २०१५ पासून याच्या गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय दुकानात मिळत नाहीत. कारण हृदयाला धोका. आपल्याकडे किराणा दुकानात साखरेच्या पुडीसोबत मिळतात.

दुसरं, सलाइन. अशक्तपणा आला की बाटली लावून घ्यायची आपल्या गावाची सवय मला लहानपणापासून माहीत आहे, मीही तेव्हा ती ताकदीची बाटलीच समजायचे. त्या ५०० मिलीच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. जागतिक आरोग्य संघटना सांगते, अख्ख्या दिवसात माणसानं ५ ग्रॅमच्या आत मीठ खावं, म्हणजे एक सपाट चमचा. आपण खारपाणपट्ट्याचे लोक. जन्मभर विहिरीच्या खाऱ्या पाण्याला नावं ठेवली, आणि दोन-तीनशे रुपये मोजून हातातून तेच मीठ-पाणी चढवून घेतो. हगवण लागली, उलट्या झाल्या, पोटात पाणी टिकत नाही, तेव्हा सलाइननं जीव वाचतो, ते मी रोज पाहते. पण कापूस वेचून अंग दुखतं म्हणून सलाइन लागत नाही. जेवण लागतं, झोप लागते. बीपीच्या माणसाला तर ती बाटली उलटी पडते.

गुडघ्यांचं काय करायचं मग? दुखतात ते खरंच दुखतात, मी ते खोटं म्हणत नाही. साधी पॅरासिटामॉल, डॉक्टर सांगेल तेवढीच. सकाळी गरम पाण्याच्या पिशवीनं शेक. आणि एक व्यायाम. खुर्चीवर बसून एक पाय समोर सरळ करायचा, मांडी कडक धरून दहा आकडे मोजायचे, हळू खाली. मग दुसरा. दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. मांडीत जोर आला की गुडघ्यावरचा भार कमी होतो. पंधरा दिवसांत फरक दिसत नाही, दोन-तीन महिन्यांत दिसतो, म्हणून लोक सोडून देतात. संडासात बसायला खुर्ची दादा आणणार होता दिवाळीला. दादा, ती अजून आली नाही.

आठवडी बाजारातल्या त्या चूर्णाची पुडी मात्र आजच उकिरड्यावर. "जडीबुटी हाये, त्यानं काई होत नाई" हे मी फोनवर ऐकलं आहे. अशा पुड्यांत स्टेरॉइड, म्हणजे दुखणं वरवर दाबणारं जोरकस औषध, कुटून घातलेलं पुष्कळदा सापडतं. म्हणूनच दुसऱ्या दिवशी माणूस पळायला लागतो आणि विकणाऱ्याचं नाव होतं.

आता गोळीचं. बीपीची गोळी तुम्ही दसऱ्यापासून बंद केली, कारण आशाताईनं मोजलं तेव्हा बीपी बरोबर निघालं. बाबा, ते गोळीमुळे बरोबर निघालं. पीक चांगलं आहे म्हणून कुंपण काढतं का कुणी? ती गोळी रोज, प्रगटदिनालाही, एकादशीलाही. उपासाला चालते, महाराज रागावत नाहीत.

तुम्ही म्हणता, मले काई दुखत नाई, मंग काऊन तपासू. हेच तर किडनीचं वाईट आहे. ती दुखत नाही. मुठीएवढी वस्तू, दीडशे ग्रॅमच्या आसपास वजन. दोन्ही मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात. घरी येते ती २० लिटरची कॅन डोळ्यांसमोर आणा, अशा नऊ कॅन. त्यातलं दीड-दोन लिटर लघवीवाटे जातं, बाकी सगळं अंगाला परत. एवढं काम मुकाट्यानं करते आणि अर्ध्याहून जास्त गेली तरी तक्रार करत नाही. जेव्हा कळतं तेव्हा करायला फार थोडं उरलेलं असतं.

मोठ्या बाबांचं तेच झालं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, आज लिहिते. मी तेव्हा अकोल्याला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते, दिवाळीला घरी आले होते. सकाळी ते तोंड धुवायला बाहेर आले आणि त्यांचे डोळे सुजलेले दिसले. न्हाणीत लघवीचा फेस जात नाही, असं मोठी आई बोलता बोलता म्हणाली होती. आमच्या पुस्तकात हे दोन्ही लिहिलेलं होतं. मी वाचलेलं होतं, पेपरात लिहून मार्कही घेतले होते. पण आपल्या घरच्या माणसाकडे पाहताना पुस्तक आठवलं नाही. मला वाटलं जागरण झालं असेल. जाताना त्यांनी मला शंभर रुपये दिले आणि मी बसमध्ये बसले. ज्या डॉक्टरकडे ते कंबरदुखीसाठी जात होते, त्यानं दोन वर्षं सुया दिल्या, एकदा रक्त तपासा म्हणाला नाही. उन्हाळ्यात त्यांना मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं गाळून टाकायची घाण, ११ होतं. चांगल्या माणसाचं एकच्या आसपास असतं. पुढचं तुम्हाला माहीत आहे, खांदा तुम्हीच दिला.

मी किडनीच्या कामात गेले ती त्यांच्यामुळे. पगार चांगला म्हणून गेले असं नातेवाइकांना वाटतं, वाटू दे.

इथलं माझं काम कसं असतं ते तुम्ही कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. माझ्याकडे एक गुजराती काका येतात, तुमच्याच वयाचे. १९७२ मध्ये युगांडातून तिथल्या हुकूमशहानं सगळ्या आशियाई लोकांना हाकलून दिलं, तेव्हा त्यांचं कुटुंब एका पेटीनिशी या गावात आलं. दुकान टाकलं, पोरांना शिकवलं. शुगर आणि बीपीकडे लक्ष द्यायला सवड झाली नाही. आता आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चार तास, ते माझ्या डायलिसिसच्या, म्हणजे किडनीऐवजी रक्त गाळणाऱ्या, मशीनला. हातात ऑपरेशन करून रक्ताची नस जोडलेली असते. त्यावर बोट ठेवलं की आत मांजर घुरघुरल्यासारखं लागतं. मी दर वेळी ते घुरघुरणं तपासते आणि मग दोन जाड सुया घालते. एकीतून रक्त बाहेर, दुसरीतून आत. आधी वजन, नंतर वजन, मधल्या फरकात दोन दिवसांचं पाणी.

त्यांना लघवी होत नाही आता. म्हणून प्यायला दिवसभरात मोजून पाणी, एका छोट्या बाटलीत. चहाही त्यातलाच, वरणही त्यातलंच. घसा फारच सुकला तर बर्फाचा खडा तोंडात धरतात. परवा मला म्हणाले, "बेन, रात्री स्वप्न पडलं, मी उसाचा रस पितोय, ग्लासावर ग्लास, आणि कुणी मोजत नाही." मी पट्टी गुंडाळत होते. मला तुम्ही दिसलात, मे महिन्यात शेतातून येऊन उभ्या उभ्या माठातलं गडू गडू पाणी पिणारे. घटाघट आवाज व्हायचा आणि पाणी मानेवरून सदऱ्यात उतरायचं. तेवढं साधं सुख तुमच्याजवळ राहावं, म्हणून मी हे सगळं लिहिते आहे.

पाण्यावरून आठवलं. आपल्या पट्ट्यात किडनीचं दुखणं घरोघरी, आणि सगळे म्हणतात, खाऱ्या पाण्यानं गेली. त्या पाण्याला मी चांगलं म्हणणार नाही. साबणाला फेस येत नाही, डाळ चुलीवर दोन तास ठेवली तरी दाणा मोडत नाही, ते पाणी पोटात काय भलं करणार? पण सगळा दोष पाण्यावर टाकून आपण मोकळे होतो आणि बीपी, शुगर, सुया, मीठ तसंच राहतं. वानच्या धरणाचं पाणी नळाला येतं त्या दिवशी पिण्याचं आणि स्वयंपाकाचं भरून ठेवा. येणार नाही त्या दिवशी कॅन घ्या. पाणी विकत घेणं तुम्हाला पाप वाटतं, मला माहीत आहे. ज्या घरानं वाटसरूला कधी गडू नाही म्हटलं नाही त्या घराला ते वाटणारच. तरी घ्या. शेतात जाताना घरूनच मोठी बाटली न्या, शेतातल्या विहिरीचं नको.

मीठ मात्र आपल्या हातात आहे. ताटात वाढून घेतलेलं मीठ बंद. लोणच्याची फोड, पापड, खारोड्या, हे रोज नाही, सणावाराला. शेंगा उकडताना मूठभर टाकता ते चिमूटभर करा. ठेस्यात लसूण वाढवा, लिंबू पिळा, वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, टाका, पहिले आठ दिवस बेचव लागेल, मग जीभ सरावते. आणि हे एकट्या बाबांसाठी वेगळं शिजवायचं नाही. घर एक, तर भाजी एक. वेगळं ताट वाढलं की माणूस स्वतःला आजारी समजायला लागतो.

आई, आता तुझ्याकडे येते. तू खुश झाली असशील की सगळं बोलणं बाबांनाच. तुझं हिमोग्लोबिन गेल्या उन्हाळ्यात साडेआठ निघालं, बाईचं बारा तरी असावं. लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या तू देवळीत ठेवल्या आहेस, छकुलीनं मला दाखवल्या. शी काळी होते म्हणून सोडल्यास. लोहानं ती काळी होतेच, त्यात भ्यायचं काही नाही. पण चहासोबत घेऊ नकोस, चहा लोह अंगी लागू देत नाही. जेवणानंतर लिंबू-पाण्यासोबत घे. आणि या वयात रक्त का कमी होतं तेही डॉक्टरला विचारायचं आहे, नुसती गोळी घेऊन भागणार नाही, म्हणून तपासायला तूही जाणार आहेस.

आणखी एक, आई. सगळ्यांचं झाल्यावर, गंज खरवडून उरलं-सुरलं खायची तुझी रीत आता पुरे. मी लहान असताना मला वाटायचं तुला भूक उशिरा लागते. माझं लग्न झालं तेव्हा कळलं, तसं काही नसतं. पोळ्या झाल्या की सगळ्यांच्या ताटांसोबत तुझं ताट वाढ. वहिनींचंही. शेतात दिवसभर पाणी न पिणं तेही सोड. आडोसा नसतो, वेचणाऱ्या बायांत अवघड होतं, सगळं खरं, पण त्यानंच तुला दर दोन महिन्यांनी लघवीला जळजळ होते. मीही वेचणीला यायचे, मी काय केलं ते आठवते, तुरीच्या ओळीत दोघीतिघींनी मिळून जायचं. एकीनं उभं राहायचं. लाजण्यासारखं त्यात काही नाही.

वहिनी, बीपीचं मशीन इथल्या एका ओळखीच्यांबरोबर नागपूरपर्यंत पाठवलं आहे, दादा घेऊन येईल. ते तुमच्या ताब्यात. बाबांना पाच मिनिटं शांत टेकून बसवायचं, दंड छातीच्या पातळीवर उशीवर ठेवायचा, चहा झाल्यावर अर्धा तास मोजायचं नाही, मोजताना बोलू द्यायचं नाही. आकडा भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहायचा, दुधाच्या हिशेबाखाली. दुधाचा हिशेब तुम्ही एक दिवस चुकवत नाही, म्हणून हे काम तुम्हाला देते. या घरात सगळ्यांच्या दुखण्याची आठवण तुम्हालाच राहते आणि तुम्हाला कुणी म्हणत नाही. मी म्हणते. तुमच्या भरवशावर मी इथं झोपते.

दादा, तुझा तंबाखू-सुपारीचा खर्रा. जास्त लिहीत नाही, तू चिडतोस. आरशासमोर उभा राहा आणि तीन बोटं उभी जोडून तोंडात घालून पाहा. गेली तर आजच सोड, कारण अजून वेळ आहे. नाही गेली तरी आजच सोड आणि दातांच्या डॉक्टरला तोंड दाखव. तिखट लागतं म्हणून तू भाकरीवरचा ठेसा टाळतोस, वहिनींना वाटतं तुला स्वयंपाक आवडत नाही. मला वेगळंच वाटतं. लहान्या परवा सुपारीचा तुकडा चघळत होता, तो कुठून आला ते तूच शोध.

छकुली, तू वाचते आहेस म्हणून तुझ्यासाठी थोडं. अकरावीचं वर्ष कठीणच जातं, मार्क पडले म्हणून रडू नकोस. मला अकरावीत फिजिक्समध्ये ३८ होते. पेशंटच्या हातात सुई घालताना मला ते कुणी विचारलं नाही, आणि माझं काम मला उत्तम येतं. संध्याकाळचे दोन तास तुझे अभ्यासाचे, त्या वेळी कुणी काम सांगितलं तर आत्याचं नाव सांग. बाबांना तेव्हा गावात किती लोक बोलले, पोरीले अकोल्याले काऊन ठेवता, सुया टोचायचं शिकवता काय. बाबांनी कुणाला उत्तर दिलं नाही. पहाटेच्या एसटीत मला बसवलं, खिडकीतून पिशवी दिली आणि गाडी हलेपर्यंत उभे राहिले. पिशवीत भाकरी, जवसाची चटणी आणि रुमालात बांधलेले फीचे पैसे होते.

बाबा, म्हणून खर्चाचं मला सांगू नका. तुम्ही तपासायला जात नाही त्याचं खरं कारण मला माहीत आहे. काही निघालं तर बेबीला पैसे पाठवावे लागतील, दादाला शेत विकावं लागेल, त्यापेक्षा न कळलेलं बरं. असंच ना? तर ऐका. सरकारी ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणीचे, औषधाचे पैसे लागत नाहीत. सत्तरीच्या वरच्या माणसाला आता उत्पन्न न पाहता आयुष्मान कार्ड मिळतं, त्यावर वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. ते आधार कार्डावर निघतं, दादा एका दिवसात काढून आणेल. महात्मा फुले योजनेत डायलिसिसही आहे. तिथवर जायची वेळ येऊ नये, म्हणूनच ही धडपड. लवकर कळलं तर रोजची एक-दोन गोळी आणि मीठ कमी, एवढ्यावर माणूस वीस वर्षं काढतो. माझ्याकडे असे पेशंट आहेत, तपासून घरी जातात, मशीनचं तोंड पाहत नाहीत. त्यांना पाहिलं की मला तुमचा धीर येतो.

मला इथं आता गमते. पहिल्या वर्षी चार वाजता अंधार पडायचा तेव्हा जीव जायचा, आता दिवा लावून मी बेसन-भाकर करते. बाजारात जवारीचं पीठ गुजराती दुकानात मिळतं. जावई बरे आहेत, त्यांनी तुमच्यासाठी लोकरी मोजे घेतले आहेत, रबर सैल असलेले, वळ उमटणार नाहीत असे. मशीनसोबत येतील.

माझं एवढं ऐका. प्रगटदिनाला यंदा दादाच्या गाडीनं शेगावला जा. आदल्या दिवशी, आई आणि तुम्ही दोघं. सकाळी सरकारी दवाखान्यात रक्त आणि लघवी द्या. चिठ्ठीवर डॉक्टरांकडून लिहून घ्या: क्रिएटिनिन, शुगर, हिमोग्लोबिन आणि लघवीतलं प्रोटीन. सुया किती घेतल्या, कोणत्या, ते लपवू नका, रिकामी कुपी सोबत न्या. मग दर्शनाला जा. ज्यांच्या जोडीनं दरसाल चालता त्यांना सांगा, यंदा पोरीनं अडवलं. पुलापासून पुढे जेवढं झेपेल तेवढं त्यांच्यासोबत चाला, दादा मागून गाडी आणेल. पुढच्या वर्षी मी रजा काढून येते, आपण दोघं चालू. बसत, थांबत, दोन दिवस लागले तरी चालेल. तोवर मांड्यांचा व्यायाम.

रिपोर्ट हातात पडला की छकुली त्याचा फोटो लगेच पाठवेल, कागद सरळ धरून, सगळे आकडे दिसतील असा. त्या आठवड्यात माझी रात्रपाळी आहे. तुमची पहाट असो की दुपार, पाठवा. मी जागीच असते.

तुमची,
बेबी